शंटबाहेरची तार

मी बँकेत कारकून आहे, ही गोष्ट मी लपवत नाही. लपवून उपयोगही होत नाही. माझा चेहराच असा झाला आहे की, देवळाच्या रांगेत उभा असलो तरी लोक मला विचारतात, "सर्व्हर चालू आहे का हो?" त्यात बी. कॉम. असल्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूला एक जमेची बाजू आणि एक नावेची बाजू असते आणि संध्याकाळी दोन्ही जुळायला पाहिजेत, अशी माझी भाबडी श्रद्धा आहे. या श्रद्धेला तडा गेला तो भंडारदऱ्याला, आणि तोही एका बॅटरीमुळे.

आमच्या मेव्हण्याचं नगरच्या एमआयडीसीत ट्रॉल्या बनवण्याचं वर्कशॉप आहे. (२०२४ साली नगरचं अहिल्यानगर झालं, पण मेव्हण्याच्या बोर्डावर अजून जुनंच नाव आहे. रंगाचा डबा संपलाय म्हणतो.) २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, ते याच्या वाचनात आलं. दुसरा कोणी असता तर वर्तमानपत्र घडी घालून ठेवता. याने एका ट्रॉलीच्या चासीवर घर बांधायला घेतलं. दोन पलंग, एक ओटा, बारा व्होल्टचा छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, दिवे, पंखे आणि छतावर सोलरची पॅनेलं. शेवटी पोटातल्या खोक्यात दीडशे अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी बसली आणि मेव्हण्याला माझी आठवण झाली.

"दाजी, आता हिच्यावर हिशेबनीस बसवायचाय. म्हटलं, तुमच्याशिवाय कोण?"

मला वाटलं मलाच बसवणार. पण त्याने पिशवीतून एक वस्तू काढली. पितळेचे दोन ठोकळे आणि त्यांच्यामध्ये ताणून बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. हिला शंट म्हणतात. हिचं काम जकात नाक्यासारखं. बॅटरीत जाणारी आणि बॅटरीतून येणारी सगळी वीज हिच्यातूनच गेली पाहिजे. जाता जाता या पट्ट्या तिला इतका नाममात्र अडथळा करतात की विजेलाही त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या शंटवर लिहिलं होतं, ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्ट. म्हणजे दहा अँपिअर गेले तर दोन टोकांत एका मिलिव्होल्टचा फरक पडणार. तो फरक मीटर वाचतो, घड्याळाशी लावतो आणि किती आलं, किती गेलं, शिल्लक किती, ते टक्क्यांत सांगतो. रोकड मोजताना पैसे खात नाही असा हा कॅशियर. मला तो एकदम आवडला.

"पण व्होल्ट दाखवणारं मीटर आहे की अगोदरच," मी म्हणालो.

"दाजी, व्होल्टवर जाऊ नका. ऊन असताना विचारलं तर ही बया तेराच्या वरच बोलते."

मला पटलं. एक तारखेला कुठल्याही नोकरदाराला विचारा, तोही तेराच्या वरच बोलतो. नाडी धरून प्रकृती कळते, शिल्लक कळत नाही. त्यासाठी जमाखर्चच लिहावा लागतो.

जोडणीचा नियम मेव्हण्याने मला एका वाक्यात सांगितला आणि तो मी अजून विसरलेलो नाही. बॅटरीच्या ऋण टोकावर एकच तार राहील, ती शंटकडे जाणारी. बाकी झाडून सगळ्या ऋण तारा, दिव्यांच्या, पंख्यांच्या, सोलरच्या कंट्रोलरच्या, त्या शंटच्या पलीकडच्या बोल्टवर. तो वरती पॅनेलच्या वायरी आवळत होता, खाली मी पाना घेऊन तारा हलवत होतो. मी नियमाप्रमाणे अगोदर ऋण टोक सोडवलं, एकेक तार पलीकडे नेली. राहिली एक जाड काळी तार. ती बॅटरीच्या टोकावरून निघून थेट खाली चासीच्या लोखंडाला गेली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं. 'ही बॉडीची तार दिसतेय, अर्थिंगची,' मी स्वतःशी म्हणालो. 'हिचा हिशेबाशी काय संबंध?' आणि ती होती तिथेच राहू दिली. तिथेच मी फसलो. पण ते पुढे.

बॅटरी पूर्ण भरली, मीटरला 'ही शंभर टक्के समज' म्हणून सांगितलं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी, आमच्या सौभाग्यवती आणि मेव्हण्याचं बिऱ्हाड असे राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला पोहोचलो. काजव्यांचा मोसम होता. पाऊस अजून पडायचा होता, पण आभाळ दोन दिवस भरून होतं. मेव्हणा सहकुटुंब तंबूत आणि दाजी म्हणून आम्हाला चाकांवरचं घर, असा मान मिळाला. मी तासातासाला मीटर बघत होतो. शहाण्णव, चौऱ्याण्णव, ढगातून थोडं ऊन, पुन्हा पंच्याण्णव. दुसऱ्या दिवशी रात्री एक्क्याण्णव. मी मेव्हण्याला मोठ्या आवाजात शिल्लक वाचून दाखवली. आणि आवाज विरतो न विरतो तोच फ्रिजने मान टाकली, दिवे पिवळे झाले आणि गेले. शेजारच्या तंबूतून कोणीतरी ओरडलं, "थँक यू काका! आता काजवे मस्त दिसतायत!"

मोबाइलच्या उजेडात मेव्हणा खोक्यात शिरला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. हातात काही नव्हतं, फक्त बोटाने तो त्या काळ्या तारेकडे दाखवत होता. फ्रिजची आणि पंपाची ऋण बाजू त्याने चासीलाच दिलेली होती, जशी गाड्यांत देतात. ती वीज चासीतून, काळ्या तारेतून, परस्पर बॅटरीत परतत होती. जकात नाक्यावर कोणी तिला पाहिलंच नव्हतं. फ्रिज चालू असताना चार अँपिअर घेतो. दिवसातला निम्मा वेळ चालला तरी अठ्ठेचाळीस अँपिअर-अवर, दोन दिवसांत शंभराच्या जवळपास. दिव्यांचा आणि पंख्यांचा खर्च लिहिला जात होता, उन्हाची जमा लिहिली जात होती, आणि सगळ्यांत मोठा खर्च वहीबाहेर. मीटरवर एक्क्याण्णव, बॅटरीत पंचवीसच्या आतबाहेर. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार नेली की तिचं आयुष्य घटतं, हेही त्याने मला अंधारात सांगितलं.

तो तंबूत झोपायला गेला. आम्ही दोघं दारात बसलो होतो.

"म्हणजे ते मीटर खोटं बोलत होतं का हो?" सौ. म्हणाली.

"खोटं नाही. त्याला सांगितलंच नव्हतं."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला घाम फुटला. कारण आमच्या घरातही एक मीटर आहे. ती निळ्या वहीत पै-पैचा हिशेब लिहिते. दर महिन्याला तिचा हिशेब जुळतो. आणि दोन वर्षं तो चूक होता.

झालं होतं असं. पतसंस्थेच्या एका कर्जाला मी एका सहकाऱ्याचा जामीन राहिलो होतो. त्याची बायको आजारी पडली, तो बिनपगारी रजेवर गेला, हप्ते थकले, आणि माझ्या पगारातून महिना ६,५०० रुपये कापायला लागले. घरी मी सांगितलं, "टॅक्स वाढलाय." सुरुवातीला बोलायची भीती वाटली म्हणून बोललो नाही. पुढे वेळ गेली म्हणून बोललो नाही. आणि वर्षभराने मी त्या भीतीला चक्क 'गुप्तदान' असं नाव देऊन टाकलं. शिर्डी आमच्याच जिल्ह्यात. हुंडीत टाकणारा नाव सांगत नाही, पावती मागत नाही. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. मग बायकोला तरी कशाला कळू द्यायचं? असा माझा युक्तिवाद होता, आणि तो मला इतका आवडला होता की रात्री झोप छान लागत होती.

पण त्या दोन वर्षांत सौभाग्यवतीने दाढेवर कॅप बसवायची पुढे ढकलली होती. एकदा नव्हे, तीनदा. "यंदा ओढ आहे, पुढच्या वर्षी बघू," म्हणायची आणि एका बाजूने चावायची. महागाईवर चिडायची. महागाई बिचारी निम्मी निर्दोष होती. माझ्या चहाच्या किंवा पानाच्या पैशातून मी कोणाला मदत केली असती, तर गुप्तदान म्हणायला हरकत नव्हती. इथे दान गेलं तिच्या दातातून आणि पुण्य जमा झालं माझ्या खात्यात. अशी नोंद कुठल्याही बँकेत केली असती तर मला घरी बसवलं असतं.

मी तिला सगळं सांगितलं. अंधार होता म्हणून सांगू शकलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी ओरडा खाण्याच्या तयारीत होतो. मग तिने विचारलं,

"त्याची बायको आता कशी आहे?"

मला माहीत नव्हतं. वर्षभरात मी विचारलंच नव्हतं. तो समोरून दिसला की मी दुसऱ्या जिन्याने जात होतो, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होऊ नये, असं माझं म्हणणं. तो माझ्या डोक्यात एक वजावट होऊन बसला होता.

"किती हप्ते राहिले?"

"अकरा."

"मग दाढेचं अगोदर करू," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री मी बराच विचार केला. माझ्या मापाने बराच. आता सगळंच शंटमधून न्यायचं का? मित्राला पाजलेला चहा, भाच्याच्या हातावर ठेवलेली नोट, हेही सांगायचं? मग ते घर राहणार नाही, ऑडिट होईल. मेव्हण्याला सकाळी विचारलं तर तो म्हणाला, तसं कुठलंच मीटर सगळं मोजत नाही. बॅटरी नुसती बसूनही थोडी उतरते, आणि जेवढं काढलं त्यापेक्षा थोडं जास्तच परत भरावं लागतं. ही किरकोळ चूक साचत जाते, आणि बॅटरी एकदा पूर्ण भरली की मीटर आपोआप शंभरावर येऊन ती पुसून टाकतो. चुकतं ते तिथे, जिथे कायम चालणारं यंत्र शंटच्या बाहेर जोडलेलं असतं. मला वाटतं, दानाचाही नियम इतकाच असावा. किरकोळ कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये. पण सामाईक बॅटरीवर कायमची तार लावायची असेल तर ती दोघांच्या देखत लागली पाहिजे. मग भले फ्रिज चालवा नाहीतर दुसऱ्याचं घर चालवा.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाण्याच्या बाबतीत हेच केलं. पद्मश्री पोपटराव पवारांचं हे गाव दरवर्षी पडलेला पाऊस मोजतं आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं. अगोदर माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग उरेल तसं पीक. कोणी किती तांब्ये पाणी प्यालं ते कोणी विचारत नाही. पण शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असं गावाने ठरवलं आहे. बोअर म्हणजे काय? चासीला लावलेली काळी तार. घेणारा प्रत्येक वेळी चोरच असतो असं नाही, पण विहीर का आटली ते शेजाऱ्याला कळत नाही, आणि तो बिचारा पावसावर चिडत बसतो.

सकाळी तेरा नंबरचा पाना घेऊन मी स्वतः ती तार शंटच्या पलीकडच्या बोल्टवर नेली. घरी आल्यावर बॅटरी पुन्हा पूर्ण भरली तेव्हा मीटरला पुन्हा शंभर शिकवले. त्या सोमवारी मी दुसऱ्या जिन्याने गेलो नाही. त्याची बायको आता बरी आहे, हिंडतेफिरते. त्याने पुढच्या महिन्यापासून अर्धा हप्ता देतो म्हटलं आणि देतोही आहे.

दाढेला कॅप बसली. निळ्या वहीत आता एक नवं शीर्षक आहे. त्याला काय नाव द्यावं यावर सौभाग्यवतीने थोडा विचार केला, आणि 'गुप्तदान' हे मी सुचवलेलं नाव खोडून लिहिलं, 'शंट'.

मेव्हण्याने परवा ती वही पाहिली. तेव्हापासून तो सगळ्यांना सांगत सुटलाय की त्याची बहीण विजेचा अभ्यास करतेय.