घरानं काय सोडलं?

कृष्णाकाठच्या एका गावात सुताराचं घर होतं. घरात आप्पा, आई, थोरला मुलगा, धाकटा मुलगा, धाकट्याची बायको आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. धाकट्याच्या हातात कसब होतं. त्यानं बसवलेलं दार वर्षानुवर्षं कुरकुरत नसे. पण पुढे पुढे सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय त्याच हातांची थरथर थांबेना.

घरानं सगळे उपाय करून पाहिले. आप्पांनी शिव्या दिल्या, शपथा घ्यायला लावल्या, पंढरीची माळही गळ्यात घातली. एकदा तर त्याला खोलीत कोंडलं. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली आणि रात्रीच तालुक्याच्या दवाखान्यात पळवावं लागलं. डॉक्टर रागावले. म्हणाले, "रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर जीवावर बेतू शकतं. हे काम डॉक्टरच्या देखरेखीखाली व्हायला हवं."

आई गुपचूप त्याची उधारी भागवायची. त्यानं गहाण टाकलेलं रंधा मशीन तिनंच पाटली विकून सोडवून आणलं. बायको दारात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगायची, "त्यांना ताप आलाय." थोरला म्हणायचा, "मीपण घेतो की कधीमधी. माणसाचा मनावर ताबा पाहिजे."

शेवटी धाकटा आपल्या पायांनी व्यसनमुक्ती केंद्रात गेला. ३५ दिवस राहिला. घरी सोडायच्या दिवशी तिथल्या समुपदेशक ताईंनी सगळ्या घराला बोलावून घेतलं.

आप्पांनी बसल्या बसल्या विचारलं, "ताई, आता ह्याच्यावर लक्ष कसं ठेवायचं तेवढं सांगा."

ताई म्हणाल्या, "आप्पा, पहाऱ्यानं कुणाची दारू सुटत नाही. यानं एक गोष्ट सोडली आहे. आता तुम्हीही प्रत्येकानं एकेक गोष्ट सोडा."

थोरला उसळला. "प्यायला हा, आणि सोडायचं आम्ही?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "एक खरी घडलेली गोष्ट सांगते. अमेरिकेत बिल विल्सन नावाचा माणूस होता. त्याची दारू १९३४ च्या डिसेंबरात सुटली. पुढच्याच वर्षी त्यानं एका डॉक्टर मित्राबरोबर अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू केलं. त्याची बायको लोईस वर्षानुवर्षं याच दिवसाची वाट पाहत होती. पण नवरा सुधारला आणि तिला आनंदाऐवजी रागच यायला लागला. एकदा तो मीटिंगला निघाला तर तिनं त्याच्या दिशेनं बूट फेकून मारला. मग तिचं तिलाच कळलं. इतकी वर्षं नवऱ्याची दारू सांभाळण्यातच तिचा जन्म गेला होता. त्याची दारू सुटली, पण तिची ती सवय तशीच राहिली होती. पुढे १९५१ मध्ये तिनं घरच्या माणसांसाठी अल-अनॉन हा गट सुरू केला. आज आपल्याकडेही त्याच्या मीटिंगा होतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पेशंटच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. आजार एकाला होतो, पण त्याभोवती सगळ्या घरालाच सवयी लागतात."

खोलीत कुणी बोलेना. मग बायको म्हणाली, "मी खोटं बोलायचं सोडते." थोडं थांबून तिनं आणखी एक कबूल केलं. नकळत दारू सोडवणारी पावडर तिनं जाहिरात वाचून मागवली होती आणि त्याच्या आमटीत मिसळली होती.

ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. असल्या पुडीत काय असेल याचा भरवसा नाही. डायसल्फिरामसारखं औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं. ते पोटात असताना माणूस दारू प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्राणही जाऊ शकतो. चोरून काहीही द्यायचं नाही."

आई म्हणाली, "मी त्याची उधारी भागवायचं सोडते." आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी मागचं उकरून काढायचं सोडतो."

थोरला एवढंच म्हणाला, "बघू."

घरी आल्यावर कळलं, सोडणं किती अवघड असतं ते. अर्धवट चौकटीचा मालक दारात आला. बायकोच्या ओठांवर ताप आला होता, तो तिनं गिळला. "ते आत आहेत, त्यांनाच विचारा," म्हणाली. धाकट्याला बाहेर येऊन मान खाली घालून सांगावं लागलं, "चूक झाली. आठ दिवसांत देतो." आठव्या दिवशी चौकट उभी राहिली. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तो जेवताना बोलला.

उधारीवाला आला तेव्हा आईचा हात कनवटीला गेला. तिनं तो मागं घेतला. "त्याचं देणं त्याच्याकडेच माग, बाबा." माय होती, आत जाऊन रडली. पण धाकट्यानं आठवड्याला थोडे थोडे फेडायचे ठरवले आणि फेडलेही.

आप्पांची परीक्षा सगळ्यात मोठी. पोराला झोप लागत नव्हती, जरा काही झालं की तो चिडायचा. आप्पांच्या जिभेवर जुनं सगळं यायचं. ते उठून ओट्यावर जायचे. महिनाभरानं त्यांनी ताईंना फोन करून विचारलं, "दारू तर बंद आहे, मग हा असा का?"

"शरीरातली दारू काही दिवसांत उतरते, आप्पा. झोप आणि मन ठिकाणावर यायला कित्येक महिने लागतात."

आप्पा म्हणाले, "समजलं. ओल्या लाकडाची चौकट करू नये. वाळेपर्यंत थांबावं लागतं." त्या दिवसापासून ते संध्याकाळी एकच विचारू लागले, "आज काय काम केलंस रे?" आणि उत्तर पूर्ण ऐकू लागले.

श्रावण तोंडावर आला. गटारीला थोरल्यानं दरवर्षीप्रमाणे परसात मित्र जमवले, मटण शिजलं, बाटल्या आल्या. धाकट्यानं दुकानात वेळ काढला. रात्री परसातून हाका आल्या, "एकानं काय होतंय?" त्या रात्री तो प्यायला.

घरात तो आला तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. प्यालेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, हे त्यांना एव्हाना उमगलं होतं. पण कुणी झाकपाकही केली नाही. सकाळी तो शुद्धीवर आल्यावर बायको समोर बसली.

"अहो, मला राग आलाय आणि भीतीही वाटतेय. पिऊन आलात तर त्या रात्री या घरात पोरीसमोर राहायचं नाही, दुकानात झोपायचं. आणि कधी हात उचललात तर मी पोरीला घेऊन त्याच क्षणी निघेन. पण केंद्रात जायचं असेल तर मी आत्ता तुमच्याबरोबर येते."

धाकट्यानं स्वतः फोन लावला. पलीकडून ताई म्हणाल्या, "पाय घसरला म्हणजे सगळी वाट वाया गेली असं नाही. लगेच सांगितलंस, हे मोठं काम केलंस. आजच ये." तो गेला, पुन्हा उपचार घेतले, आठवड्याची मीटिंग चुकवेनासा झाला. बायकोही तिच्या गटात जाऊ लागली. तिथं तिला पहिल्यांदा कळलं, की नवऱ्याला दारू तिनं लावली नव्हती, सोडवणंही एकटीच्या हातात नव्हतं. तिचा स्वतःचा दिवस मात्र तिच्या हातात होता. तिनं बंद पडलेलं शिवणकाम पुन्हा सुरू केलं.

थोरला आठ दिवस कुणाशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी धाकट्याजवळ जाऊन म्हणाला, "आजपासून ह्या घरात बाटली येणार नाही. मला काही सोडावं लागलं तर तुझ्यापुढे कमीपणा वाटत होता. चुकलं माझं." पुढच्या गटारीला परसात मटणाचा रस्सा आणि भाकरी होती, बाटली नव्हती. दोन मित्र आले नाहीत. त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

त्या घसरणीनंतर एक वर्ष पूर्ण झालं, तेव्हा केंद्रात धाकट्याचा व्यसनमुक्तीचा पहिला वाढदिवस साजरा झाला. सगळं घर गेलं होतं. ताईंनी एकेकाला विचारलं, "तुम्ही काय सोडलंत?" ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात, जिला कुणी विचारलंच नव्हतं ती पोरगी उभी राहिली.

"बाबा रात्री आले की मी झोपेचं सोंग घ्यायचे. आता नाही घेत."

धाकटा लहान मुलासारखा रडला. मग माईकवर एवढंच म्हणाला, "दारू मी सोडली. ती सुटलेली राहिली, कारण ह्या सगळ्यांनी आपापलं सोडलं."

तात्पर्य: व्यसनातून उठणाऱ्या माणसावर पहारा ठेवू नये, त्याच्या चुका झाकू नयेत आणि त्याचं ओझं आपण वाहू नये. त्याची जबाबदारी त्याला परत द्यावी, आपली मर्यादा स्पष्ट सांगावी, आणि तो बरा व्हायला निघाला की बरोबर चालावं. एकानं व्यसन सोडलं की घरानं आपल्या जुन्या सवयी सोडायच्या असतात. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाशुल्क फोन करावा. तो फोन करायला पेशंटच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. घरातल्या कुणीही पहिलं पाऊल टाकावं.