अडीअडचणीसाठी ठेवलेले

जनरेटर सुरू होत नाही, ही तक्रार नेहमी अंधारातच ऐकू येते. उजेड असताना ती करण्याचे कारण कोणाला पडत नाही. पंख्याचा आवाज बदलला तर त्याच दिवशी कळते, नळाचे पाणी बारीक झाले तर सकाळीच बोभाटा होतो. पण जी वस्तू आपण केवळ अडचणीसाठी आणून ठेवलेली असते, ती बिघडली आहे हे अडचण आल्याशिवाय समजत नाही. ज्या क्षणी ती हवी असते, नेमक्या त्याच क्षणी ती नाही असे कळते. या साध्या व्यवहारात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे असे मला वाटते. एखादी गोष्ट आपल्यापाशी 'आहे' असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? आणि ती विकत घेतली, मिळवली किंवा वारशाने हाती आली, की तिच्याविषयीची आपली जबाबदारी संपते काय?

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. २०२१ मधल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्या गल्लीतल्या एका घरी आजींसाठी हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र आणले. ते विजेवर चालते, म्हणून सोबत पेट्रोलवरचा लहान जनरेटरही घेतला. दोन वर्षे तो पोर्चमध्ये प्लास्टिकच्या कागदाखाली होता. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली. नातवाने दोरी ओढून ओढून त्याचे खांदे भरून आले, पण जनरेटरने दाद दिली नाही. अखेर शेजारच्या कन्नड घरातून कंपाउंडवरून वायर आली आणि त्यांच्या इन्व्हर्टरवर आजींचे यंत्र चालू झाले. त्या घरातली मुले त्यांना 'अज्जी'च म्हणतात. एका अक्षराच्या जोडाचा तेवढा फरक. आजी वाचल्या, म्हणून ही हकीगत आज शांतपणे सांगता येते.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेत काम केलेले एक जुने मिस्त्री आले. मी सहज जाऊन उभा राहिलो. त्यांची तपासण्याची रीत पाहण्यासारखी होती. आधी जनरेटर सपाट जागेवर आहे ना हे पाहिले, मग ऑइल. ऑइल कमी असले, किंवा यंत्र तिरके असल्यामुळे तसे भासले, तरी अशा कितीतरी जनरेटरांत ठिणगीच पडू दिली जात नाही. नंतर इंजिनाचे बटण, पेट्रोलचा कॉक, चोक, एअर फिल्टर. मग प्लग काढून ठिणगी पाहिली. ती स्वच्छ होती. शेवटी त्यांनी कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. आतले पेट्रोल पिवळट आणि चिकट झाले होते, बारीक जेट बुजला होता. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्याचा हलका भाग उडून जातो आणि राहिलेल्याची खळ बनते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावाही ओढते, आणि बेळगावच्या पावसात ओलाव्याला काय तोटा! जेट साफ करीत मिस्त्री म्हणाले, "सर, चालवून चालवून खराब झालेली मशीनं लई बघितली. हे बसवून खराब झालंय बघा."

वापराने वस्तू झिजते हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. चांगली भांडी माळ्यावर, चांगली साडी कपाटात, चांगला कप पाहुण्यांसाठी. राखून ठेवणे म्हणजे न वापरणे, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. पैशांच्या बाबतीत ते बरेचसे खरे असेल. पण ज्या गोष्टींचे अस्तित्वच कार्यात आहे, त्या न वापरल्याने राखल्या जात नाहीत, तर हळूहळू संपतात. आणि त्यांचे बाहेरचे रूप मात्र तसेच राहते. त्या जनरेटरचा रंग दोन वर्षांत जरासुद्धा उडाला नव्हता.

गुणांचेही असेच आहे काय? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात हा प्रश्न सरळ हाताळला आहे. सद्गुण अंगी असणे आणि सद्गुणाने वागणे यांत तो भेद करतो. झोपलेल्या माणसाच्या अंगीही सद्गुण असू शकतो, पण त्या असण्याने कोणाचे काही होत नाही. ऑलिंपिकमध्ये मुकुट देखण्या आणि बलवान माणसांना मिळत नाही, उतरून झुंजणाऱ्यांना मिळतो, असा त्याचा दाखला आहे. आपल्याकडे पतंजलींनी अभ्यासाविषयी सांगताना तीन अटी घातल्या: तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने केलेला हवा. तेव्हाच त्याची भूमी दृढ होते. दोन्ही विचारवंतांची वाट वेगळी, तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत दिसते. जे वेळेला उभे राहावे असे वाटते, ते वेळ नसतानाही उभे करीत राहावे लागते.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली, कोल्हापूर आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात असंख्य घरे पाण्याखाली गेली. त्या वेळी ज्यांनी आयुष्यात कधी समाजसेवा केली नाही अशा माणसांनी परक्यांसाठी दारे उघडली, चुली पेटवल्या. त्यांनी कुठे सराव केला होता? संकटच माणसातला चांगुलपणा जागा करते, मग रोज त्याची दोरी ओढत बसण्याचे कारण काय?

मला वाटते, त्यांचा सराव झालेला होता. फक्त आपण त्याला सराव म्हणत नाही. दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देणे, शेजारच्या घरी विरजण देणे, अनोळखी वाटसरूला पत्ता सांगण्यासाठी चार पावले बरोबर जाणे, या साऱ्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या चाचण्याच असतात. ज्या घरात बारा महिने दार उघडले जाते, तेच पुराच्या रात्री उघडते. चमत्कार वाटतो तो पाहणाऱ्याला. त्या रात्री कंपाउंडवरून आलेली वायर ही अशीच. दोन्ही घरांमध्ये वाटी-चमच्यांची देवघेव नसती, तर अपरात्री हाक मारायला जीभ उचलली असती का, हा विचार करण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. गरज नसताना जनरेटर चालवायचा, पेट्रोल जाळायचे, आवाज आणि धूर करायचा, हा अपव्ययच नव्हे काय? अमेरिकेत रुग्णालयांसारख्या ठिकाणच्या आणीबाणीच्या जनरेटरांसाठी जे मानक आहे, त्यानुसार ते महिन्यातून एकदा निदान तीस मिनिटे आणि भार घालून चालवून पाहावे लागतात. नुसते मोकळे चालवून भागत नाही. डिझेलच्या इंजिनावर पुरेसा भार नसला तर न जळलेले इंधन आतच साठते आणि चाचणीनेच ते बिघडू लागते. म्हणजे सरावाची निव्वळ नक्कलही उपयोगी नाही. सरावात थोडा तरी खरा भार हवा. खर्च आहे हे खरे, पण सज्जतेची किंमत ही अशीच, उजेडात, कोणाच्या लक्षात न येता भरायची असते. आणि ती भरणाऱ्याचे यश दिसत नाही. लाईट गेली आणि शस्त्रक्रिया थांबली नाही, तर दर महिन्याला वहीत नोंद करणाऱ्या ऑपरेटरचे आभार कोण मानतो? घरातही कोणाच्या औषधाची चिठ्ठी कुठे आहे, कोणाशी अबोला धरू नये, कोणाला सणाला फोन करावा, हे सांभाळणारे एक माणूस असते, आणि ते गेल्यावरच त्याचे काम दिसते.

अर्थात सज्जता म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. ११ मार्च २०११ रोजी जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रात भूकंपाने बाहेरची वीज तुटली, तेव्हा डिझेल जनरेटर आपोआप सुरू झाले होते. सुमारे पाऊण तासाने त्सुनामीची लाट आली. बहुतेक जनरेटर आणि विजेची पॅनेल इमारतींच्या खालच्या भागात होती, ती बुडाली, आणि तीन अणुभट्ट्यांतले इंधन वितळले. यंत्रे चालती होती, पण जिथून संकट येणार तिथेच ठेवलेली होती. सहाव्या युनिटचा हवेने थंड होणारा एक जनरेटर तेवढा तगला. त्याच्यावर सहावे युनिट सांभाळले गेले आणि केबल जोडून पाचव्यालाही वीज दिली गेली. ज्याचे शाबूत राहिले त्याने शेजाऱ्याला पुरवले, हा त्या दुर्घटनेतला माझ्या मनात राहिलेला भाग आहे.

आता थोडे आपल्याविषयी. जनरेटरचा एक दोष असा असतो की इंजिन व्यवस्थित चालते, आवाज होतो, पण वीज येत नाही. वीज तयार होण्यासाठी आतल्या लोखंडात आधीच्या चालण्यातून शिल्लक राहिलेले थोडे चुंबकत्व लागते. कायमचे चुंबक नसलेला जनरेटर फार काळ बंद राहिला तर हे शिल्लक चुंबकत्व कधीकधी इतके क्षीण होते, की चाक फिरते पण त्यातून काही निघत नाही.

सीमाभागातल्या आपल्या घरांमधून मराठी आहे का, असे विचारले तर आपण दुखावतो. आहेच! आपण तिच्यासाठी ठराव केले, मोर्चे काढले, आणि ती निष्ठा खोटी नव्हती. मुलगा इंग्रजी शाळेत गेला, त्याला कन्नड लिहिता-वाचता आले, हेही चांगलेच झाले. पण घरात मराठी उरली ती "जेवलास का" आणि "दार लाव" एवढ्यापुरती. मग एके दिवशी आजी अंथरुणाला खिळते आणि तिला काही सांगायचे असते, किंवा तो स्वतः दुःखात असतो आणि मनातले बोलायचे असते. तेव्हा तोंड उघडते, आवाज येतो, पण त्यातून उजेड पडत नाही. भाषा अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली होती. तिच्यातले शिल्लक चुंबकत्व कधी गेले ते कोणालाच कळले नाही.

या दोषाचा इलाज मात्र आशा वाटावी असा आहे. जाणकार मिस्त्री साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीने जनरेटरच्या फील्डला क्षणभर प्रवाह देतात, आणि पुष्कळदा हरवलेले चुंबकत्व परत येते. मोठी यंत्रणा जागी करण्यासाठी बाहेरून येणारा प्रवाह लहानसा असला तरी पुरतो, फक्त तो योग्य ठिकाणी द्यावा लागतो.

एका ठिकाणी मात्र ही तुलना थांबवली पाहिजे. घरात जनरेटर जोडताना चेंजओव्हर स्विच लागतो. तो नसेल आणि कोणी घाईघाईत जनरेटरची वायर भिंतीच्या प्लगमध्ये खुपसली, तर वीज उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब कित्येक पट वाढतो आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. आपल्या घरातला उजेड दुसऱ्याच्या मरणाला कारण होऊ नये, ही नीतीची पहिली अट त्या साध्या खटक्यात आहे. जनरेटर बंद खोलीत न ठेवणे हीही तशीच अट, कारण त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. पण भाषेच्या बाबतीत आपण उगाचच चेंजओव्हर बसवून घेतला आहे. एक चालू झाली की दुसरी बंद झालीच पाहिजे, असे आपण समजतो आणि मुलांनाही शिकवतो. दोन विजा एकमेकींना जाळतात, दोन भाषा नाही. कन्नड उत्तम बोलणाऱ्या मुलाची मराठी त्यामुळे क्षीण होत नाही. ती न बोलल्याने क्षीण होते.

तेव्हा 'आहे' या क्रियापदाचा आपण जरा जपून उपयोग करावा असे मला वाटते. मैत्री आहे, धैर्य आहे, भाषा आहे, माणुसकी आहे, असे म्हणताना ती शेवटची कधी चालवली होती हेही आठवावे. पाऊस ओसरला, दिवाळीची साफसफाई निघाली, की जनरेटरवरचा कागद काढून टाकीतले जुने पेट्रोल बदलावे, ऑइल पाहावे, मोकळ्या हवेत अर्धा तास त्याच्यावर दोन दिवे आणि एक पंखा चालवावा. पुन्हा ठेवून देताना कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यावे. आणि त्या अर्ध्या तासात, आवाजापासून दूर ओसरीवर बसून, नातवंडाकडून हा अंक मोठ्याने वाचून घ्यावा. अडखळला तरी चालेल. भार घालूनच चाचणी घ्यायची असते.