मांडे, युफ्का आणि साम्याचे तीन अर्थ

बेळगाव-निपाणी पट्ट्यातील माणसाने तुर्की जेवण प्रथमच चाखले, तरी त्याला ते फारसे परके वाटत नाही. आयरान म्हणजे मीठ घातलेले ताक. जाजिक म्हणजे लसूण-पुदिना घातलेली, पातळ दह्यातली काकडीची कोशिंबीर. इर्मिक हेलवासीत रवा लोण्यावर खमंग भाजतात, त्यावर गरम दूध-साखर ओततात आणि झाकण ठेवून वाफ देतात. ही शिऱ्याचीच कृती आहे. पिलाव, कबाब, कोफ्ता ही नावे तर ओळखीचीच. हे सारे सुलतानी राजवटींबरोबर पश्चिमेकडून आले, असे उत्तर यावर सहसा दिले जाते. ते अपुरे आहे. दोन प्रदेशांच्या जेवणात साम्य दिसण्याची किमान तीन वेगवेगळी कारणे असतात आणि ती निवडून वेगळी केल्याशिवाय ‘समान मुळे’ या शब्दांना अर्थ येत नाही.

पहिले कारण राजवटींचे आणि व्यापाराचे. 1472 च्या सुमारास बहमनी वजीर महमूद गवान याने बेळगावचा किल्ला घेतला. तो इराणच्या गिलान प्रांतातला. पुढे हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत गेला. या घराण्याचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा होता, अशी कथा बखरकार फरिश्ता याने नोंदवली आहे. इतिहासकार मात्र ती शंकास्पद मानतात. सोळाव्या शतकात बेळगाव सांभाळणारा असदखान लारी इराणच्या लार भागातला होता. विजापूरच्या तटावरची ‘मुलूखमैदान’ तोफ 1549 मध्ये ओतणारा मुहम्मद बिन हसन ‘रूमी’ म्हणवला जाई, म्हणजे उस्मानी मुलखाशी नाते सांगणारा. दख्खनमध्ये तुर्क आले, पण दरबाराची भाषा आणि रीत मुख्यतः इराणी राहिली. इस्तंबूलच्या राजवाड्यानेही इराणी दरबाराकडून पुष्कळ घेतले. म्हणून दख्खनी पुलाव तुर्की पिलावापासून निघाला असे म्हणता येत नाही. दोन्ही एकाच घरातून वेगळी झालेली चुलत भावंडे आहेत.

ही देवघेव एकाच दिशेने झाली, असेही नाही. तुर्की जेवणाचा मोठा आधार असलेले वांगे मूळचे भारतीय उपखंडाच्या परिसरातले. ते इराण आणि अरब मुलखांतून भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचले. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्याही भारतातूनच पश्चिमेकडे गेली. बकलाव्याचा पाक किंवा वांग्याचे दोल्मा समोर आले, की त्यातला कच्चा माल आणि कसब कधीकाळी इकडून तिकडे गेले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. कबाबाचे नाव बाहेरून आले हे खरे. पण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, 1130 च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात सळईत ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे वर्णन आहे. सुलतानी राजवटी त्यानंतर दोन शतकांनी दख्खनमध्ये आल्या.

दुसरे कारण अमेरिकेतून आलेल्या पिकांचे. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी आदिलशाहीकडून गोवा जिंकला आणि मिरचीला घाटमाथ्यावर यायला जवळची वाट मिळाली. त्याच शतकात ती उस्मानी साम्राज्यातही रुजली. आज निपाणीजवळची संकेश्वरी मिरची आणि तुर्कस्तानातील मराश-उर्फा भागातली मिरची या दोन्ही उन्हात वाळवून वर्षभराच्या मसाल्यात जातात. दोन्हीकडच्या तिखटाने एकमेकांकडून काही घेतले नाही. दोघांचे मूळ समुद्रापलीकडे तिसरीकडेच आहे. निपाणीची ओळख असलेल्या तंबाखूचाही हाच इतिहास. 1604 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने विजापुराहून तंबाखू नेऊन बादशहापुढे ठेवला.

तिसरे कारण सर्वांत कमी ओळखले गेले आहे: सारखी गरज आणि सारखे साधन. बेळगावचे मांडे याचे उत्तम उदाहरण. गव्हाचे तलम, सैल पीठ हातांवर झुलवत पातळ ताणायचे, तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायचे आणि पिठीसाखर-तुपाची गोडी देऊन घडी घालायची, ही मांड्यांची रीत. अनातोलियात युफ्का हीच पातळ पोळी पालथ्या, फुगीर लोखंडी तव्यावर भाजतात. ती मात्र बारीक, लांब लाटण्याने लाटतात. हातावर ताणत नाहीत. महमूद काश्गरीच्या 1072 ते 1074 मधील तुर्की कोशात युफ्काची नोंद आहे, तर मांड्यांची नोंद ‘मानसोल्लासा’त आहे. जेमतेम साठ वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन नोंदींच्या काळी त्या दोन समाजांत थेट संबंध नव्हता. फुगीर तापलेल्या पृष्ठभागावर थोड्या सरपणात मोठी, पातळ पोळी पटकन भाजली जाते, हे दोघांनी आपापल्या अनुभवातून शोधले असावे. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईंनी मांडे भाजल्याची कथा घरोघरी सांगणाऱ्या समाजाला आपल्या या वारशासाठी परदेशी उगम शोधण्याचे कारण नाही.

साम्य दिसले की नाते ठरवण्याची घाई आणि नाते दिसले की मालकी सांगण्याची घाई, या दोन्ही टाळायला हव्यात. 2016 मध्ये युनेस्कोने युफ्का, लवाश यांसारख्या पातळ पोळ्या करण्याची आणि वाटून खाण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ती नोंद अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान या पाच देशांच्या नावे संयुक्तपणे आहे. एका पदार्थावर अनेकांचा खरा हक्क असू शकतो, हे तिथे मान्य झाले. सीमाभागाने यातून शिकण्यासारखे आहे. मांडे मराठी घरांत होतात, तसेच कन्नड घरांत ‘मंडिगे’ या नावाने होतात, आणि त्यांचा जुना उल्लेख ज्या दरबारातला आहे तो आजच्या कोणत्याही एका भाषेच्या वाट्याला येत नाही. हातावर मांडा ताणण्याचे कसब जपणाऱ्यांची कृती, साधने आणि शब्द दोन्ही भाषांत मिळून नोंदवले जावेत. हे काम दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी आणि संस्थांनी एकत्र हाती घेणे अगत्याचे आहे.