पडणारे मांजर आणि पाहणारे मूल

लहान मुलांना कोणते कार्टूनपट दाखवावेत, असे दर उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर दोनचार पालक तरी मला विचारतात. मास्तर कादंबऱ्याही लिहितात, तेव्हा गोष्टीतले बरेवाईट त्यांना कळत असावे, असा त्यामागे एक भाबडा समज असतो. यादी मिळाली की ते समाधान पावतात, कारण यादी खिशात घालता येते आणि मुलाला पडद्यापुढे बसवून आपल्याला दुसऱ्या कामाला लागता येते. माझी अडचण अशी की यादीच्या पाठोपाठ मी एक अट घालतो. मुलाच्या शेजारी बसावे लागेल, आणि तेही शेवटपर्यंत. अट ऐकली की गृहस्थांचा चेहरा उतरतो. ही अट मी का घालतो, याचा थोडा खुलासा करावासा वाटतो. कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मुलांच्या करमणुकीचा नाही, नीतीचा आहे. दुसऱ्याच्या पडण्याला हसणे निर्दोष असते काय?

टॉम आणि जेरी हे मांजर-उंदीर कोणाला ठाऊक नाहीत? विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी त्यांना १९४० साली जन्म दिला, आणि तेव्हापासून ते मांजर पडते आहे, आपटते आहे, इस्त्रीखाली सापडून पापडासारखे सपाट होते आहे. मुले खदखदून हसतात. मोठी माणसेही हसतात, मीही हसतो. ॲरिस्टॉटलने हास्यकारक गोष्टीची जी व्याख्या केली तिच्यात एक मेख मारून ठेवली आहे : व्यंग असावे, पण ते वेदना देणारे आणि नाश करणारे नसावे. मांजर पुढच्याच क्षणी धडधाकट उभे राहते, तेव्हा ॲरिस्टॉटलच्या कायद्याने ते मांजर आणि आपण दोघेही निर्दोष सुटतो. आपल्या भरतमुनींनी प्रश्न जरा निराळ्या अंगाने पाहिला. त्यांनी स्मितापासून अतिहसितापर्यंत हसण्याच्या सहा पायऱ्या केल्या आणि त्या उत्तम, मध्यम आणि अधम अशा तीन प्रकृतींच्या माणसांना दोन-दोन वाटून दिल्या. म्हणजे कोणाला हसलास यापेक्षा कसा हसलास, यावरून तुझी पारख होईल, असे त्यांचे म्हणणे दिसते. नटांसाठी केलेली ही वाटणी घरातल्या बैठकीलाही तितकीच लागू पडते, असे मला वाटते.

हे सारे विलायती खूळ आहे, आपल्या गोष्टी कशा सोज्वळ, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्यांनी चिऊ-काऊची गोष्ट जरा आठवून पाहावी. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो भिजत-कुडकुडत चिमणीच्या दारी येतो, आणि चिमणीबाई बाळाला न्हाऊ घालण्यापासून काजळ-तीट लावण्यापर्यंतची सगळी कामे उरकेपर्यंत त्याला बाहेर उभे करते. आमच्याकडे तर पुढे त्याला तापल्या तव्यावर बसवून त्याची शेपटीही भाजतात. या ठिकाणी हसला नाही असा मराठी मुलगा मी पाहिलेला नाही. बेघराला दार न उघडण्याची ही गोष्ट आपण दोन वर्षांच्या पोराला जेवता जेवता सांगत आलो आहोत, आणि तरीही त्यातून दुष्ट माणसांची पिढी निपजली असे कोणी म्हणणार नाही. कारण गोष्ट सांगणारी आजी तिथे होती. कावळा भाजला की ती "आई गं, पोळला बिचारा!" असे म्हणून मुलाच्याच पाठीवर हलकेच हात फिरवीत असे. हसूही तिनेच दिले आणि त्या हसण्याला बांधही तिनेच घातला.

पडद्याला हात नसतो. वर्गात टीव्ही लावला की मी पडद्याकडे कमी आणि मुलांकडे अधिक पाहतो. कोणत्याही मास्तराला ही खोड लागतेच. पाच वर्षांचे मूल पडणारे मांजर पाहते, आणि ते हसण्याआधी एक निमिष त्याची मान वळते. ते शेजारच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहून घेते. येथे हसायचे की घाबरायचे, हे त्याला अजून ठरवायचे असते. निकाल त्या तोंडावर लिहिलेला असतो. आता शेजारी कोणीच नसेल तर ते मूल कोणाच्या तोंडाकडे पाहणार? हल्ली मोबाइल नावाची जी तळहाताएवढी चित्रशाळा मुलांच्या हाती दिली जाते, तिच्यापुढे दोन तोंडे धड मावतही नाहीत. माझा मोबाइलला विरोध आहे तो एवढ्यापुरताच. घरातला टीव्ही त्या मानाने सज्जन. त्याच्यासमोर निदान सतरंजी पसरता येते.

टॉम आणि जेरी मी यादीत ठेवतो. 'द कॅट कॉन्सर्टो' हा १९४७ चा लघुपट तर आग्रहाने ठेवतो. मांजर पियानो वाजवते, आत झोपलेल्या उंदराची झोपमोड होते, आणि फ्रान्झ लिस्टची अवघड रचना भांडणासकट एकही सूर न चुकता शेवटाला जाते. परंतु त्या जुन्या मालिकेत एक प्रकार वारंवार येतो. स्फोट होतो, मांजराचे तोंड काळे होते, ओठ जाड दिसू लागतात, आणि तेवढ्यावरच हशा घेतला जातो. हा हशा पडण्याचा नव्हे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या रूपाची ती टवाळी आहे. घरकाम करणारी बाईही तिथे काळीच, आणि तिचे बहुधा पायच तेवढे दिसतात. सावनेरच्या मुलाला अमेरिकेचा इतिहास ठाऊक नसतो, हे खरे. पण आपल्या बाकावरच्या सोबत्याला "काळ्या" म्हणून हाक मारली की इतर हसतात, हे त्याला पहिलीतच ठाऊक झालेले असते. मराठी घरात सून पाहताना रंग पाहतात, हेही त्याच्या कानांवरून गेलेले असते. म्हणून त्या ठिकाणी शेजारच्या मोठ्या माणसाने हसू नये. व्याख्यान देऊ नये, टीव्ही बंद करू नये. नुसते हसू नये. मुलाच्या ते बरोबर ध्यानात येते.

हसू आणि हसल्याची लाज या दोन गोष्टींची गाठ कशी मारतात, हे आमच्या गावाला कोणी वेगळे शिकवायला नको. राम गणेश गडकरी सावनेरला वारले, २३ जानेवारी १९१९ रोजी. वय अवघे तेहतीस. त्यांचे 'एकच प्याला' त्यांच्यामागे रंगभूमीवर आले. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ यांच्यावर प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि ज्या प्याल्यावर आपण हसलो तोच सिंधूच्या बाळापर्यंत जाऊन पोहोचतो, हे पुढे त्यांना पाहावे लागते. मघाचे आपले हसणे तेव्हा घशात अडकते. हे मोठ्यांचे नाटक झाले, मुलांना दाखवण्याचे नव्हे. पण मुलांसाठी हेच काम करणारा एक कार्टूनपट आहे, तो डिस्नेचा 'डंबो', १९४१ चा. पुरता तासाभराचा. सर्कशीतल्या हत्तिणीला भल्या मोठ्या कानांचे पिलू होते. सारे त्याला हसतात. प्रेक्षकातली मुलेही हसतात, कारण ते कान हास्यास्पद आहेतच. मग टवाळखोरांवर त्याची आई चवताळते, तिला वेडी ठरवून कोंडतात, आणि गजांतून बाहेर काढलेल्या सोंडेने ती पिलाला जोजवते. या ठिकाणी कोणी हसत नाही. कान तेच आहेत, पिलूही तेच आहे. या चित्रपटातल्या कावळ्यांवरही मघासारखाच आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो रास्त आहे. तरीही मी 'डंबो' सोडणार नाही.

हसण्यापेक्षाही पालकांना जास्त धास्ती असते ती रडण्याची. 'बांबी' दाखवावा का, आणि दाखवलाच तर आईच्या मरणाचा भाग पुढे ढकलावा का, असे मला विचारतात. १९४२ चा हा चित्रपट. हरिणी आणि पाडस बर्फातून धावतात, गोळीचा आवाज येतो, पाडस आडोशाला पोहोचून मागे वळून पाहते, तो मागे कोणी नाही. मेलेली आई दाखवलेली नाही; नुसता बर्फ पडत राहतो. मी म्हणतो, ढकलू नका. ढकललेल्या जागेवर मूल स्वतः काय रचील याचा नेम नाही, आणि ते बहुधा दाखवलेल्यापेक्षा भयंकर असेल. आमच्या पहिलीत एक आई नसलेली मुलगी होती. बांबी लावताना आम्हा शिक्षकांचे सगळे लक्ष तिच्याकडे. बाकीची मुले गप्प झाली, दोघे-तिघे रडू लागले. ती मात्र जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि मग तिने मला विचारले, "आता त्याले जेवाले कोण देते?" रडणाऱ्यांपैकी कोणाला हा प्रश्न सुचलेला नव्हता. मी म्हणालो, पुढे पाहू. ती पुढे सरकून बसली.

याच्या जोडीला हरणांचीच दुसरी एक गोष्ट आहे, आपल्या देशातली. कार्टूनपट हे परदेशी वाण आहे, असे वाटणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली होती, आणि प्रभातने १९३४ साली 'जंबूकाका' काढला होता. पण नेटाने काम सुरू झाले ते १९५६ साली, मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग उघडला तेव्हा. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या चित्रकारांना शिकवायला आले, आणि १९५७ साली 'द बॅनियन डिअर' तयार झाला. फिल्म्स डिव्हिजन आता स्वतंत्र उरलेली नाही; २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. गोष्ट न्यग्रोधमृग जातकातली. काशीच्या राजासाठी रोज एका हरणाने आपण होऊन बळी जायचे, अशी पाळी ठरलेली. एके दिवशी पाळी येते गाभण हरिणीवर. तिच्या कळपाचा नायक नियमावर बोट ठेवतो. दुसऱ्या कळपाचा नायक न्यग्रोध तिच्या जागी स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा ओशाळतो आणि दोघांना अभय देतो. न्यग्रोध तेवढ्यावर उठत नाही. बाकीच्या हरणांचे काय, इतर चतुष्पादांचे काय, पाखरांचे काय, पाण्यातल्या माशांचे काय, असे तो एकेक पुढे विचारीत जातो.

'बांबी'त शिकारी दिसत नाही आणि त्याला कोणी काही विचारीत नाही. मरण हवामानासारखे येते. जातकात मरणाला तोंड आहे, नाव आहे, आणि त्याच्याशी बोलता येते. कोणते खरे? चाळीस वर्षे ओलांडलेल्या माणसाला पहिलेच अधिक खरे वाटेल. पण पाच वर्षांच्या मुलाला दोन्ही दाखवावे आणि या क्रमानेच दाखवावे, असे मला वाटते. निव्वळ जातक दाखवले तर राजा नेहमी ओशाळतोच, असे मुलाला वाटेल. निव्वळ बांबी दाखवला तर विचारून काही उपयोग नसतो, असे वाटेल.

'एक अनेक और एकता' याविषयी मराठी माणसाला फार सांगावे लागू नये. १९७४ चा हा छोटा चित्रपट भीमसैन आणि विजया मुळे यांचा. मुळेबाई जन्माने मुंबईच्या, संगीत वसंत देसायांचे, आणि गाणारी साधना सरगम तेव्हा लहान मुलगी होती. जाळ्यात सापडलेली पाखरे एकजुटीने जाळे घेऊन उडतात आणि उंदीर ते कुरतडतात, ही आपल्या पंचतंत्रातली ओळखीची गोष्ट. तिचे तात्पर्य सरकारी आहे आणि ते मुलांना पाठही होते. मला त्यात आवडते ते निराळेच. धाकटी विचारतात आणि थोरली बहीण सांगते. सगळा चित्रपट हा त्या दोघांतला संवाद आहे. माझी अट त्यात आधीच पाळलेली आहे.

'मोगली'चा उल्लेख न केल्यास सावनेरकर मला क्षमा करणार नाहीत. १९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या त्या जपानी मालिकेने एका पिढीची रविवारची सकाळ व्यापली होती. गोष्ट मात्र आमच्या शेजारची. किपलिंगने १८९४ च्या पुस्तकात जे जंगल रंगवले ते सिवनीचे, त्यातली वैनगंगा पुढे आमच्या भंडाऱ्याकडे येते, आणि त्याच रानाचा अलीकडचा पदर म्हणजे पारशिवनी-रामटेककडचे पेंच. आमच्या वर्गात अशी मुले असतात की ज्यांच्या मामाच्या गावी वाघाने वासरू नेलेले असते. शेरखानाचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा; त्याला हसायची कोणाची छाती होत नाही. पण मूळ पुस्तकात शेरखान जन्मतः लंगडा आहे आणि त्याची आईच त्याला लंगडा म्हणते, हे मी वर्गाला सांगितले तेव्हा थोडी चुळबुळ झाली. वाघाचा पक्ष घ्यावा की काय, अशी ती चुळबुळ होती.

शेजारी बसणाऱ्याची खरी कसोटी पहिल्या खेपेला नसते. मूल 'पुन्हा' म्हणते. पाचव्या खेपेला मोठ्या माणसाला जांभया येतात आणि मूल मात्र तेव्हा कुठे पाहू लागलेले असते. टॉम आणि जेरीच्या १९४० च्या पहिल्या चित्रपटात मांजराला ताकीद मिळालेली असते : आणखी एक वस्तू फुटली की घराबाहेर. उंदराला हे कळते आणि तो काचेची भांडी हातात धरून मांजराला नाचवतो. पहिल्या तीन खेपांना आमचा सारा वर्ग उंदराच्या बाजूचा होता. पाचव्या खेपेला मागच्या बाकावरचा एकजण हसेना. काय झाले म्हणून विचारले, तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "सर, त्याले घरातून हाकलून देतीन न."