टेबलावरचं बॉलपेन

सॅम टेलर-जॉन्सन या ब्रिटिश कलावतीने 2001 साली ‘स्टिल लाइफ’ नावाची छोटी फिल्म केली. चार मिनिटांहूनही कमी लांबीची. टेबलावर फळं मांडलेली आहेत, उजेड जुन्या डच चित्रांतला असावा तसा मऊ. बघता बघता फळांवर पांढरट लव चढते, ती करडी होते, फळं आतल्या आत खचतात आणि शेवटी काळपट लगदा उरतो. शेजारी एक साधं प्लास्टिकचं बॉलपेन पडलेलं आहे. त्याला काहीच होत नाही.

छायाचित्रणाच्या वर्गात प्रकल्पासाठी ‘क्षय’ हा विषय निवडला की बरेच विद्यार्थी याच वाटेने जातात. खिडकीशी पपई ठेवायची, ट्रायपॉड लावायचा आणि रोज ठरल्या वेळी तीच चौकट टिपायची. विषय सोपा वाटतो, कारण निम्मं काम निसर्गच करतो. पण ‘क्षय’ हा शब्द फार ढोबळ आहे. मराठी घरात दूध नासतं, वरण आंबतं, भाकरीला बुरशी येते, विळी गंजते, रंग विटतो, लुगडं विरतं, भिंतीचे पोपडे सुटतात, चौकटीला वाळवी लागते. दर क्रियापदामागे कर्ता वेगळा. केळं काळं पडतं ते त्याच्याच सालीतल्या विकरांमुळे आणि हवेतल्या प्राणवायूमुळे. दूध नासतं ते जिवाणूंमुळे. हा फरक ज्याला दिसला, त्याच्या पपईच्या चित्रात नुसती उदासी राहत नाही. तिथे बुरशीची पंगत बसलेली दिसते.

खरा प्रश्न मात्र पपईचा नाही. ट्रायपॉडमागे उभं राहून हे सगळं बघणारा कोण, हा आहे.

भारतीय विचारात याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शरीराला जुन्या वस्त्राची उपमा आहे. वस्त्र जीर्ण होतं, ते टाकणारा शिल्लक राहतो. वेदान्त त्याला साक्षी म्हणतो: बदल पाहणारा, स्वतः न बदलणारा. कॅमेरा ही जागा माणसाला फुकटात देऊन टाकतो. फळ सडतं, चौकट हलत नाही, आणि भिंगामागच्या विशीतल्या मुलाला आपण या सगळ्याच्या बाहेर आहोत असं वाटू लागतं. वेदान्ताचा साक्षी एवढा स्वस्त नाही, हे इथे सांगायलाच हवं.

बौद्ध साधनेत तर अशी बाहेरची जागाच नाही. पाली त्रिपिटकातल्या सतिपट्ठान सुत्तात स्मशानात टाकलेल्या प्रेताच्या नऊ अवस्था आहेत. ते सुजतं, निळं पडतं, पक्षी-प्राणी त्याचे लचके तोडतात, मग सांगाडा, विखुरलेली हाडं आणि अखेर चूर्ण. पण प्रत्येक अवस्थेनंतर भिक्खूने नजर वळवायची ती स्वतःच्या देहाकडे: हाही असाच होणार. एकदा नव्हे, नऊ वेळा. पाहणं ही अर्धीच साधना आहे. उरलेली अर्धी या वळण्यात आहे.

हेच वळण कलेत सहज हरवतं. जपानमध्ये मध्ययुगापासून या नऊ अवस्थांची चित्रं काढली जाऊ लागली. त्यांना ‘कुसोझू’ म्हणतात. कोबायाशी एईताकू याने 1870च्या दशकात रंगवलेली अशी एक गुंडाळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यातला देह गणिकेचा आहे. अशा चित्रांत कुजणारा देह बहुधा सुंदर स्त्रीचाच असतो. स्वतःसाठी असलेलं चिंतन दुसऱ्याच्या देहावर ढकललं गेलं. पुण्यातला पडका वाडा किंवा गिरणी कामगारांच्या 1982च्या संपानंतर ओस पडत गेलेली मुंबईतली गिरणी टिपतानाही हाच धोका आहे. गंजलेल्या तुळईवरची तिरीप सुंदर दिसते, पण त्या तुळईखाली कुणाची तरी पाळी चालत होती.

अमेरिकन छायाचित्रकार सॅली मान हिने हे वळण घेतलं. तिच्या 2003 सालच्या ‘व्हॉट रिमेन्स’ या पुस्तकात आधी तिच्या मेलेल्या ग्रेहाउंड कुत्रीचे अवशेष आहेत, मग टेनेसी विद्यापीठाच्या आवारातली प्रेतं. विघटनाच्या अभ्यासासाठी ही प्रेतं तिथे उघड्यावर ठेवलेली असतात. चित्रं ओल्या कोलोडियनच्या जुन्या पद्धतीने काचांवर घेतलेली, डागाळलेली, कडांना ओघळ आलेली. आणि शेवटी येतात तिच्या स्वतःच्या मुलांचे चेहरे, अगदी जवळून. चित्रं घेतली तेव्हा मुलं जिवंत होती. आधीची पानं पाहिलेल्या डोळ्यांना त्या चेहऱ्यांवर निर्धास्त राहता येत नाही.

मराठी माणसाला यासाठी टेनेसीपर्यंत जायची गरज नाही. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी सुकतं, पण त्याला कुणी कचरा म्हणत नाही. ते निर्माल्य होतं. पायदळी येऊ नये म्हणून जपून वेगळं ठेवलं जातं. ताजेपणा गेला तरी मान जात नाही. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते आणि विसर्जन पुरं होतं. प्लास्टर ऑफ पॅरिसची विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी चौपाटीवर हात, सोंड, मुकुट पडलेले दिसतात आणि बघणाऱ्याला भरून येतं. ‘स्टिल लाइफ’मधलं पेन तिथे आठवतं. नासलेल्या फळांपेक्षा त्या कोऱ्या पेनाची भीती जास्त वाटते.

छायाचित्रकार जॉन कोप्लान्स साठी उलटल्यावर, 1984च्या सुमारास, स्वतःच्या उघड्या देहाची छायाचित्रं घेऊ लागला. सुरकुतलेले हात, लोंबणारं पोट, पाठ, पावलं. चेहरा एकाही चित्रात नाही, त्यामुळे तो देह कुणाचाही वाटू शकतो. पपई संपली की विद्यार्थ्याकडेही तोच उजेड, तीच खिडकी, तीच चौकट उरते. तिथे आपला हात ठेवून एक चित्र घ्यायला फार तर मिनिटभर लागेल.