उपहासाच्या मैफलीतील प्रेक्षक



२८ जुलै २०२४ रोजी सुरू झालेले ‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व ६ ऑक्टोबरला संपले. त्या सत्तर दिवसांत परभणी, सेलू, जिंतूरकडील आपल्या घरांतही त्याची चर्चा होती. स्पर्धकांत गट पडले. वर्षा उसगांवकर यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्रीशी वापरल्या गेलेल्या भाषेवर प्रेक्षक संतापले. सूत्रसंचालक रितेश देशमुख यांना कानउघाडणी करावी लागली. ती भाषा कोणाची, हे येथे मुद्दाम लिहीत नाही.

छळणारा दोषी, हे उघड आहे. परंतु तो छळ रोज आवडीने पाहणारा निर्दोष ठरतो काय?

सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या व बाराव्या आयतीत उपहास, टोमणे, अपमानकारक टोपणनावे, कुशंका, हेरगिरी आणि गीबत यांची मनाई आहे. यातील पहिली मनाई समूहाला उद्देशून आहे, हे ध्यानात घ्या. उपहासाला सोबत लागते. एकट्याचे हसू लवकर विरते. चौघे सामील झाले की त्याला जोर चढतो आणि कोणालाच आपण अपराधी वाटत नाही. त्या घराची तर रचनाच याच दुर्गुणांवर उभी आहे. कॅमेरे हेरगिरी करतात, नॉमिनेशनमध्ये सोबत्याचे दोष मोजले जातात, आणि चोवीस तासांतून निवडलेल्या तासाभरावरून आपण माणसाची नियत ठरवतो. या मैफलीतला शेवटचा गट प्रेक्षकांचा. तो उठून गेला तर मैफलच मोडेल.

कोणी म्हणेल, “आम्ही तर दुबळ्याची बाजू घेतली, बारामती तालुक्यातील गरीब घरचा सूरज चव्हाण आमच्याच मतांनी विजयी झाला.” ही सहानुभूती खरी आहे. पण तिची दुसरी बाजूही पाहा. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टी यांचा अपमान झाला. चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या आणि जेड गुडी ही स्पर्धक सर्वांच्या तिरस्काराचा विषय बनली. शिल्पा यांनी तिला क्षमा केली. २००८ मध्ये त्या सूत्रसंचालक असलेल्या ‘बिग बॉस’मध्ये जेड आली आणि तेथेच तिला कर्करोगाचे निदान कळले. मार्च २००९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ती वारली. जिचा अपमान झाला तिने क्षमा केली. मग ज्यांचे काहीच बिघडले नव्हते, त्यांना तिरस्काराचा अधिकार कोणी दिला होता?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पीडित बांधवाला मदत करण्यास सांगितले आणि अत्याचारी बांधवालाही. त्याला मदत कशी करावी, असे विचारता, त्याचा हात रोखावा, हे उत्तर मिळाले. पडद्यावरच्या माणसाचा हात आपण रोखू शकत नाही. त्याला शिव्या देऊन तर मुळीच नाही. हात रोखता येतो तो आपल्या आवाक्यातल्या माणसाचा. भावजयीच्या माहेरावरून स्वयंपाकघरात हसू पिकते, वर्गातल्या बुजऱ्या मुलाला नाव पाडले जाते, मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटात एकाला दहा जण घेरतात, तेथे आपल्या ईमानची कसोटी असते. तेथे गप्प बसणाराही प्रेक्षकच असतो.

म्हणून आज रात्री टीव्ही बंद करा आणि मुलांना विचारा, “तुमच्या वर्गात सगळे कोणाला हसतात? आणि त्या वेळी तुम्ही कोठे उभे असता?” त्यांचे उत्तर शांतपणे ऐका. मग तोच प्रश्न स्वतःला विचारा. अल्लाह आपल्या जिभांना आणि आपल्या डोळ्यांनाही सुरक्षित ठेवो. आमीन.