आजचं मनन: भूक न विसरलेली बाई
शास्त्रभाग: मत्तय 25:31-40

आज 5 एप्रिल. 1922 साली याच दिवशी पंडिता रमाबाई केडगावला प्रभूजवळ गेल्या.

तरुणपणी दुष्काळाच्या वणवणीत त्यांनी आईवडील आणि मग बहीण गमावली. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिथं गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना घर मिळालं.

परवा मांडवा जेट्टीवर बोटीची वाट बघत मी लॅपटॉपवर काम करत होतो. एका म्हातारीनं हात पुढे केला. मान वर न करताच मी म्हटलं, "पुढे जा." बोटीत बसल्यावर आठवलं, आमच्या घरी एके काळी एकच वेळ चूल पेटायची, असं आजी सांगायची. खिशात पैसे होते. मी फक्त विसरलो होतो.

या वचनांत प्रभू येशू भुकेल्याच्या जागी स्वतःला ठेवतो. रमाबाईंना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपलं मात्र पोट भरलं की आठवण जाते. आज कुणी समोर आलं, तर निदान मान वर करून बघूया.

प्रार्थना: हे प्रभू, आमची जुनी भूक आम्हाला विसरू देऊ नकोस. आमेन.